परबकाकांचा जबाब

शांताराम परबांना 'देवमाणूस' म्हणणारे लोक आमच्या भटवाडीत आता वाढत चालले आहेत. मला त्यांचा राग येतो. जेलात गेलेल्या माणसाला देव करून टाकणं सोपं असतं, मग त्याच्यासाठी दुसरं काही करावं लागत नाही. परबकाका देव नव्हते. ते गॅस फिटर होते, चिडके होते, आपल्या कामाचा त्यांना ताठा होता, आणि त्यांच्या चुकीने एक बाई मेली. यातलं काहीही गाळायचं नाही असं ठरवून मी लिहायला बसले आहे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका गॅस एजन्सीच्या बाहेर, फुटपाथवर. घाटकोपर पश्चिमेला ती एजन्सी तेव्हा नवीन निघाली होती. पुढच्या दारात बायकांची रांग आणि मागच्या दाराने हॉटेलांना गॅसचे बाटले, असा तिथला कारभार. आमच्या वस्तीच्या समितीचे आम्ही पाच-सहा जण त्याविरुद्ध पत्रकं वाटत होतो. पत्रक मीच लिहिलं होतं आणि सायक्लोस्टाइलची शाई अजून बोटांना होती. माहुलच्या बाजूने येणारा ट्रक लागला, बाटले खडखडत उतरायला लागले, आणि साठीकडे झुकलेला एक माणूस माझ्या हातातलं पत्रक घेऊन ट्रकच्या सावलीत वाचत उभा राहिला. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, डोक्याला टोपी. त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि पत्रक परत आणून दिलं.

"ठेवा की. फुकट आहे," मी म्हटलं.

"वाचलं मी, बाय. ह्यात दोनच तऱ्हेची माणसं दिसतात. एक चोर, दुसरे लुटलेले. काम करणारा कोणच नाय?"

"तुम्ही कुठल्या बाजूचे?"

"मी फिटर. माका आता बर्वेनगरात जायचंय," असं म्हणून ते चालते झाले. मला चीड आली होती. पण पुढच्या पत्रकात मी एजन्सीच्या मेकॅनिकांच्या ड्यूटीबद्दल दोन ओळी घातल्या, हेही खरं.

'फिटर' हा शब्द ते असा म्हणायचे, की दुसऱ्या कुणी 'इनामदार' म्हणावं. त्यामागे कारण होतं. तरुणपणी ते शहरात पाइपच्या गॅसवर होते. कोळशापासून केलेला तो गॅस जमिनीखालच्या नळांतून घरोघर, हॉटेलांत, इस्पितळांत जायचा. परबकाका तिथे हेल्पर म्हणून लागले आणि फिटर झाले. मग एकेक लाइन बंद होत गेली, माणसं कमी झाली आणि त्यांचाही नंबर लागला. मालवणकडच्या एका नातेवाइकाने त्यांना आरे कॉलनीत म्हशींच्या युनिटवर चिकटवून दिलं. तिथे त्यांनी दहा-बारा वर्षं शेण काढलं, वैरण टाकली. परबकाकू सांगायच्या, की दर खंडेनवमीला ते माळ्यावरची पिशवी खाली काढत, फडक्यात गुंडाळलेले पाने पुसून त्यांना तेल लावत, झेंडू वाहत आणि परत गुंडाळून ठेवत. गोठ्यावरची माणसं हसायची. म्हशी सोडून लोखंडाला हळद लावणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

ऐंशीनंतर जिकडेतिकडे सिलिंडरच्या एजन्स्या निघाल्या आणि त्यांना माणसं मिळेनात. कुणीतरी परबकाकांना सांगितलं. ते पिशवी घेऊन थेट घाटकोपरच्या त्या एजन्सीच्या मालकासमोर उभे राहिले. मालकाला अनुभवी माणूस आयता मिळाला. तेल कंपनीच्या साहेबाने येऊन एक दुपार काहीतरी समजावलं आणि दुसऱ्या दिवसापासून परबकाका पुन्हा फिटर.

बाकीचे मेकॅनिक वयाने निम्मे. ते टपले होतेच.

"काका, म्हशीला रेग्युलेटर कुठं बसतो?"

"ये इकडे. तुझ्या तोंडाला बसवून दाखवतो."

हे रोज चालायचं. परबकाकांना त्यात मजा वाटायची. माणूस धंद्यात परत आला होता, आता त्याला कुणी काही म्हणालं तरी चालत होतं. काकू म्हणाल्या, आरेला असताना ते रात्री जेवताना बोलायचे नाहीत. फिटर झाल्यापासून बोलायला लागले, ते थांबेनात.

मी त्यांना काम करताना बऱ्याच वेळा पाहिलं. आमच्या डोंगरावरच्या चाळींत तेव्हा नवीन कनेक्शनं येत होती आणि समितीतर्फे मी घरोघर फिरायचे. परबकाका चपला बाहेर काढत. आत शिरले की आधी मान वर करत, नाकपुड्या फुलवत आणि पत्र्याखालून सावकाश या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हुंगत जात. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

"काका, पाल शोधताय काय?"

"पालीला वास नसतो, वहिनी. गॅसला असतो."

मग खाली बसून साबणाचा फेस करायचे आणि जोडाजोडाला लावून बुडबुडा येतो का ते बघायचे. घाई केलेली त्यांना खपत नसे. शेगडी पेटेपर्यंत पाणीसुद्धा घेत नसत. आणि पेटवण्याचा त्यांचा एक रिवाज होता, पाइपच्या दिवसांपासूनचा. पहिली काडी घरातल्या बाईनेच ओढायची. फिटरने नाही. सगळं जोडून झालं, की ते हात पुसत उंबऱ्यापर्यंत मागे जायचे, टोपी काढायचे आणि म्हणायचे, "हां, आता तुमी." बाई बाटल्याला कुंकू लावायची, काडी ओढायची, आणि निळी ज्योत भरभरून वर आली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

मुलुंडला एका बिल्डिंगीत घरच्या साहेबांनीच हौसेने काडेपेटी उचलली. परबकाकांनी त्यांचं मनगट धरलं.

"साहेब, रोज तुमी रांधता?"

"मी? नाही बुवा."

"मग ठेवा खाली."

साहेब तापले, एजन्सीत तक्रार गेली, मालकाने परबकाकांना झापलं. रिवाज काही बदलला नाही. मी यावर त्यांच्याशी भांडले होते. "बाईनेच का? चूल काय तिला जन्माची बांधलीय?" ते म्हणाले, "ते तू पत्रकात लिव. मी उद्यापासून इथं नसणार, तीच असणार. तिचा हात बसलेला मला बघायचा असतो." मला पटलं नाही. अजूनही पटत नाही.

कमल साळवे आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायची. नवरा दामोदर साळवे कुर्ल्याला रेल्वेच्या कारशेडमध्ये, मुलगी चौथीत. कमल रॉकेलच्या स्टोव्हवर डबे करून द्यायची आणि वर्षानुवर्षं गॅसचा नंबर लागायची वाट बघत होती. तिची खोली गल्लीपेक्षा दोन पायऱ्या खाली. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून उंबराही उंच बांधलेला. शेगडीसाठी ओटा हवा हा नियम आहे. एजन्सीचा माणूस बघायला आला आणि एका लाकडी खोक्याला ओटा म्हणून पास करून गेला. खोका फूटभर उंच. कमल त्याच्यापुढे उकिडवी बसून रांधायची, जशी स्टोव्हपुढे बसायची तशीच.

कनेक्शनला आठवडाही झाला नसेल, तेव्हा एका दुपारी वास येतो म्हणून तिने तक्रार दिली. परबकाका आले. मी तेव्हा आमच्या घरात होते. आधी 'भक्क' असा आवाज आला. स्फोटासारखा नाही, मोठ्या चादरीत वारा भरावा तसा. मग किंकाळी. धावत गेले तेव्हा परबकाका पायऱ्यांवर होते, गुडघ्यापर्यंत पँट जळून कातडीला चिकटलेली, आणि ते टोपीने आतली आग मारत होते. कमलला आम्ही चादरीत गुंडाळून बाहेर काढलं. ती पायापासून केसांपर्यंत भाजली होती. हॉस्पिटलात ती तीन-चार दिवस जगली. तिला बोलता आलं नाही.

आता त्या खोलीत काय झालं ते सांगते. हे मला परबकाकांनी सांगितलं, म्हणूनच माहीत आहे. आत ते दोघंच होते.

रेग्युलेटरखालचा रबरी वायसर चिरला होता. त्यांनी तो बदलला, फेस लावून बघितला, गळती थांबली होती. पण आधी गळलेला गॅस खोलीतच होता. तो बाहेर जावा म्हणून त्यांनी छपराजवळचा झरोका उघडला, स्टुलावर चढले, पत्र्याखाली हुंगलं. वर काहीच नव्हतं. थोडा वेळ थांबून पुन्हा हुंगलं. स्वच्छ. ते खाली उतरले, उंबऱ्यापर्यंत मागे गेले, टोपी काढली आणि म्हणाले, "हां, आता तुमी."

कोळशाचा गॅस हवेहून हलका. गळला की वर जातो, झरोक्यातून निघून जातो. बाटल्यातला गॅस हवेहून जड. तो खाली बसतो आणि सखल जागेत पाण्यासारखा साचतो. कमलची खोली दोन पायऱ्या खाली होती आणि उंबरा उंच होता. वर मान करून हुंगणाऱ्या माणसाला तो सापडणार नव्हता. खाली खोक्यापुढे बसलेल्या बाईला सापडला होता.

कारण कमल म्हणाली होती, "काका, मला अजून येतोय वास."

आणि ते म्हणाले होते, "नव्या रबराचा आहे तो. लावा."

तिने काडी ओढली.

पोलिसांच्या कागदावर पहिल्यांदा आलं ते असं, की बाईने रेग्युलेटरशी स्वतःच खटपट केली, अंगावर नायलॉनची साडी होती, बाईचा हलगर्जीपणा. हे एजन्सीच्या मॅनेजरने पुरवलं होतं. गल्लीनेही ते लगेच उचललं. नळावर बायका बोलायला लागल्या, "तिला मेलीला धीर कुठला." साळव्यांच्या मुलीला शाळेत कुणीतरी म्हणालं, तुझ्या आईने घर जाळलं. ती पोर शाळेत जाईना. साळवे कुणाशी बोलत नव्हते. परबकाकांचं नाव निघालं की ते उठून जायचे.

परबकाकांचा जबाब व्हायचा होता. ते घरी पडून होते, दोन्ही पाय पट्ट्यांत. मी गेले त्या दिवशी मॅनेजर नुकताच केळी ठेवून गेला होता. त्याचं म्हणणं, परबांनी एवढंच सांगायचं, की मी काम करून बाहेर पडलो होतो, नंतर बाईने काय केलं मला माहीत नाही. तसं म्हटलं तर नोकरी राहील, काम जमेनासं झालं तर गोडाऊनवर बसवू.

काकूंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या नवऱ्याला म्हणत होत्या, "गेलीली काय परत येतली? तुमी गप रवा. ह्या पायांनी तुमका आता कोण दारात उभो करतलो?"

मीही रिकाम्या हाताने गेले नव्हते. समितीच्या वकिलाने मुद्दे काढून दिले होते. मी सांगितलं, "काका, तुम्ही म्हणा की मला शिकवलंच नव्हतं. एजन्सीने अनुभवी माणूस आयता घेतला आणि ढकलला कामावर. ओटा नसताना कनेक्शन दिलं. यात तुमचा दोष नाही, मालकाचा आहे. आपण त्याला कोर्टात खेचू."

त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन केळ्यांशेजारी ठेवला.

"सकाळपासनं सगळे मला वाक्यं आणून देतायत," ते म्हणाले. "तो केळी घेऊन आला. तू कागद घेऊन आलीस."

"मी आणि तो एक झालो?"

"नाय. तू खरं बोलतेस. पण अर्धं."

"मग उरलेलं अर्धं काय?"

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. सांगताना मालवणीवर आले. "तिना माका सांगल्यान, बाय. वास येता म्हणून तिना सांगल्यान. मी ऐकूक नाय." काकू भिंतीकडे तोंड करून रडायला लागल्या.

मी तरीही सोडलं नाही. विचारलं, "पण तुम्हाला शिकवलं नव्हतं ना?"

"शिकवलं. ती एक दुपार. साहेब म्हणाला, हा गॅस खाली बसतो. मी मान हलवली. कुणी विचारलं असतं तर मीच दहा जणांना सांगितलं असतं, की खाली बसतो. तोंडाला माहीत होतं. मानेला माहीत नव्हतं. ती आपली वर गेली."

मी ओरडलेच त्यांच्यावर. अर्ध्या आयुष्याची सवय एका दुपारी मोडते का? ती मोडली की नाही हे बघायचं काम कुणाचं होतं? ज्याने तुम्हाला म्हशींतून उचलून बाटल्यापुढे उभं केलं त्याचं! ते ऐकत होते. मग म्हणाले, "ते तू लिव. लिवायलाच पायजे. पण मी जर म्हटलं की मला कोणी शिकवलंच नाय, तर तिनं सांगितलेलं कुठं जातं? ते मी सोडून कोणाला माहीत नाय. मी गाळलं की ते गेलं."

जबाबात त्यांनी सगळं सांगितलं. वायसर, झरोका, स्टूल, आणि कमल काय म्हणाली ते. शिकवलं होतं का, असं विचारल्यावर 'होय' म्हणाले. त्या एका 'होय'वर एजन्सी सुटली. कामगाराला रीतसर सूचना दिल्या होत्या, त्याने त्या पाळल्या नाहीत, संपलं. परबकाकांना नोकरीवरून काढल्याचं एजन्सीत तोंडी सांगितलं गेलं, तेही त्यांच्या मागे. खोक्याला ओटा म्हणणारा माणूस आजही त्याच टेबलावर बसतो. मालकाने दुकानाला नवा बोर्ड लावला आहे. मी यावर पत्रक काढलं, सभा घेतली, वर तक्रारी केल्या. दर ठिकाणी मला तोच जबाब वाचून दाखवण्यात आला. खरं बोलणाऱ्या माणसाने माझ्या हातातलं हत्यार काढून घेतलं होतं. त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं.

पण पोलिसांच्या कागदावरचा बाईचा हलगर्जीपणा गेला. नळावरच्या बायका गप्प झाल्या. साळव्यांची मुलगी जूनपासून शाळेत जायला लागली.

केस कुर्ल्याला उभी राहिली. आमच्या वकिलाने परबकाकांना दहादा बजावलं होतं, की गुन्हा कबूल आहे का असं विचारतील, 'नाही' म्हणायचं, पुढचं मी बघतो. त्यांनी मान हलवली होती. पिंजऱ्यात उभे राहिले आणि 'कबूल' म्हणाले. मॅजिस्ट्रेटने चष्मा काढून विचारलं, याचा अर्थ समजतो का? "समजता, साहेब." वकिलाने फाइल बंद केली. वय आणि भाजलेले पाय बघून शिक्षा कमी दिली, काही महिन्यांची. काकू कोर्टात आल्याच नव्हत्या.

मागच्या अंगणात व्हॅन उभी होती. हवालदार परबकाकांना घेऊन निघाला तेव्हा मी आणि वकील मागोमाग गेलो. गेटपाशी दामोदर साळवे उभे होते. प्रत्येक तारखेला ते यायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि कुणाशी न बोलता निघून जायचे. आज ते पुढे आले.

"परब."

परबकाका थांबले. हवालदारही थांबला.

"तुम्ही बोललात म्हणून तिच्यावरचा आळ गेला. ते मला कळतं."

साळवे आणखी एक पाऊल पुढे आले.

"पण मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करणार पण नाही."

"नको करू," परबकाका म्हणाले. "त्याच्यासाठी नव्हतो बोललो."

हवालदार म्हणाला, "चला, चला." तो आधी व्हॅनमध्ये चढला. व्हॅनची पायरी उंच होती. परबकाकांनी एक पाय टाकला, तो परत खाली आला. दुसरा टाकून बघितला, तोही तसाच. भाजलेली कातडी आखडून गुडघे नीट वाकत नव्हते. आतून हवालदाराने हात दिला तो पुरला नाही. मी पुढे होणार, तेवढ्यात साळव्यांनी मागून त्यांच्या काखांत दोन्ही हात घातले आणि त्यांना उचलून वर चढवलं. मग हात पँटला पुसले आणि मागे न बघता गेटातून बाहेर पडले.